कष्ट किती तास, यापेक्षा कष्ट किती वर्षं

ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे सहसंस्थापक नारायण मूर्ती म्हणाले की देशातल्या तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करायला हवं. जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांनी तो आकडा ९० वर नेला आणि रविवारी लोकांकडून काम करून घेता येत नाही, याची खंत बोलून दाखवली. तेव्हापासून हा वाद थांबलेला नाही. आमच्या सोलापुरात तो दहावी-बारावीच्या गुणगौरव समारंभात पोचलाय, अभ्यासिकांत पोचलाय, पुण्याला नोकरीला गेलेल्या पोरांच्या घरीही पोचलाय. एक बाजू म्हणते, घाम गाळल्याशिवाय कुणाचं भलं झालेलं नाही. दुसरी म्हणते, आयुष्य एकदाच मिळतं, नोकरीसाठी ते जाळू नका. दोघांचाही आवाज चढलेला आहे, आणि दोघांनीही एक गोष्ट न तपासता मान्य केली आहे: कष्टाचं माप म्हणजे तास. भांडण फक्त ते किती असावेत याचं आहे.

माझं म्हणणं असं की हे मापच चुकलं आहे. कष्ट मोजायचेच असतील तर ते वर्षांत मोजावेत. बाविसाव्या वर्षी कामाला लागलेला माणूस बत्तिसाव्या वर्षी, बेचाळिसाव्या वर्षी त्याच उमेदीने काम करतो आहे का, त्याचं कसब वाढलं आहे का, त्याची तब्येत आणि घर शाबूत आहे का, हा खरा हिशेब. आणि याच्याच जोडीला दुसरी गोष्ट, जी ‘स्वतःला जपा’ असं सांगणारेही विसरतात: इतकी वर्षं टिकून मेहनत करणं एकट्याच्या मनोबलावर होत नाही. त्यासाठी कामाची घडी तशी बसवावी लागते आणि नियम तसे असावे लागतात. हे आपल्याकडे कधीच कुणाला आपोआप मिळालं नाही.

विरोधातलं सगळ्यात वजनदार म्हणणं आधी घेतो, कारण ते सोलापूरसारख्या शहरातूनच येतं. मुंबई-पुण्याच्या सुखवस्तू घरातल्या मुलाला बापाची ओळख असते, इंग्रजी असतं, एखाद-दोन वर्षं वाया गेली तरी चालतं. सोलापूरच्या पूर्व भागातल्या मागवाल्याच्या (यंत्रमाग चालवणाऱ्याच्या) मुलाकडे, अक्कलकोटच्या किंवा सांगोल्याच्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलीकडे काय आहे? फक्त मेहनत. इतरांना जे जन्माने मिळालं ते यांनी जादा तास घालूनच मिळवायचं. अशा मुलांना ‘काम-आयुष्य समतोल’ शिकवणं म्हणजे पोट भरलेल्याने उपाशी माणसाला कमी जेवायचा सल्ला देण्यासारखं आहे, असं अनेक शिक्षक आणि पालक तळमळीने सांगतात. त्यांचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला निघणाऱ्या पोरांच्या पाठीमागे अख्खं घर असतं. बहिणीचं लग्न, सोसायटीचं कर्ज, आईचं ऑपरेशन. त्यांना ‘जरा निवांत घे’ म्हणायचा अधिकार कुणालाच नाही.

पण हेच म्हणणं शेवटपर्यंत नेऊन बघा. ज्याच्याकडे मेहनत हे एकच भांडवल आहे, त्याने ते पाच वर्षांत संपवून टाकावं का? वडिलांचे दोन फ्लॅट असलेला मुलगा तिसाव्या वर्षी थकून सहा महिने घरी बसू शकतो. हप्ते भरणाऱ्याला ती सोय नाही. त्याची पाठ, त्याची झोप, त्याचं डोकं बिघडलं तर त्याच्याबरोबर घरातली चार माणसं खाली येतात. म्हणजे ज्यांना जास्त कष्ट करणं भाग आहे, त्यांनाच ते जपून, बेताने आणि दीर्घकाळ करण्याची गरज सर्वांत जास्त आहे. गरिबाच्या मुलाने झिजावं, हा निष्कर्ष या युक्तिवादातून निघतच नाही.

इथे थकवा आणि ज्याला आता सगळे ‘बर्नआउट’ म्हणतात तो प्रकार, यांतला फरक स्पष्ट करायला हवा, कारण वाद घालणारे दोन्ही एकच समजतात. थकलेला माणूस रात्रभर झोपला की सकाळी उठून कामाला लागतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या केली ती कामाच्या ठिकाणी दीर्घकाळ राहिलेल्या आणि आवरता न आलेल्या ताणाशी जोडून. तिची तीन लक्षणं आहेत: शक्ती पार आटणं, कामाविषयी मनात दुरावा आणि कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून आता काही नीट होत नाही असं वाटू लागणं. यातलं दुसरं लक्षण मला सर्वांत घातक वाटतं. ज्या मुलाने जिद्दीने कोडिंग शिकलं किंवा ज्या नर्सने हौसेने वॉर्ड सांभाळला, त्यांना त्याच कामाची शिसारी येऊ लागते. हे आळशी माणसाला होत नाही, कारण त्याने जीव लावलेलाच नसतो. ज्याने जीव ओतून काम केलं त्यालाच हे होतं. म्हणूनच मेहनतीचं खरं प्रेम असलेल्यांनी या प्रश्नाची सर्वांत आधी काळजी करायला हवी.

आता आकड्यांकडे येऊ, कारण आकडे दुसऱ्या बाजूनेच काढले आहेत. पहिल्या महायुद्धात ब्रिटनला तोफगोळे हवे होते. कारखाने रात्रंदिवस चालले, रविवारची सुट्टी गेली, स्त्री-कामगारही आठवड्याला ७० तास राबू लागल्या. त्याहून निकडीचं काम कोणतं असणार? तरीही १९१५ मध्ये सरकारने या कामगारांच्या आरोग्यासाठी समिती नेमली आणि तिच्या तपासनिसांनी कुणी किती तासांत किती माल काढला याच्या नोंदी ठेवल्या. पुढे स्टॅनफर्डच्या जॉन पेन्कॅव्हल या अर्थशास्त्रज्ञाने त्याच नोंदी पुन्हा तपासून २०१४ मध्ये निष्कर्ष मांडला: पन्नासेक तासांनंतर प्रत्येक जादा तासामागचं उत्पादन घसरत जातं, आणि ७० तास काम केलेल्यांचा एकूण माल ५६ तासवाल्यांपेक्षा फारसा जास्त नसतो. वरचे १४ तास माणूस कारखान्यात असतो, कामात नसतो. हे खुर्चीत बसलेल्यांना लागू होत नाही, असं कुणी म्हणेल. पण थकलेल्या हाताने गोळा वाकडा होतो, तर थकलेल्या डोक्याने लिहिलेला प्रोग्रॅम, वाचलेला एक्स-रे, तपासलेला ताळेबंद कसा सरळ निघेल?

तब्येतीचे आकडे तर याहून स्पष्ट आहेत. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये मिळून जाहीर केलं की आठवड्याला ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तासवाल्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो. खुद्द आपल्या केंद्र सरकारच्या २०२४-२५ च्या आर्थिक पाहणी अहवालानेही आठवड्याला ५५-६० तासांच्या वर गेलं की आरोग्यावर वाईट परिणाम होतो, या अभ्यासांची दखल घेतली आहे. ७० आणि ९० ची भाषा करणाऱ्यांनी निदान सरकारच्या या पानाला उत्तर द्यायला हवं होतं.

मूर्तींनी जर्मनी आणि जपानचा दाखला दिला होता: दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या लोकांनी असंच काम केलं म्हणून ते देश उभे राहिले. राखेतून उठताना तिथल्या माणसांनी खूप सोसलं, यात शंका नाही. पण ती गोष्ट अर्ध्यावर सोडता येत नाही. देश उभा राहत असतानाच, १९५६ मध्ये, जर्मन कामगार संघटनांनी पाच दिवसांच्या आठवड्याची चळवळ उभारली. त्यांच्या पोस्टरवर एक लहान मुलगा होता आणि तो म्हणत होता, शनिवारी बाबा माझे. आज श्रीमंत देशांत वर्षाला सर्वांत कमी तास काम करणाऱ्यांत जर्मन लोक येतात, आणि त्यांची यंत्रं अजूनही जगभर जातात. जपानने तो मार्ग लवकर सोडला नाही. तिथे अतिकामाने येणारे मृत्यू इतके झाले की २०१४ मध्ये ते रोखण्यासाठी संसदेला वेगळा कायदा करावा लागला आणि २०१८ मध्ये ओव्हरटाइमवर कायद्याने मर्यादा घालावी लागली. दाखला द्यायचा तर तो पूर्ण द्यावा. त्या दोन्ही देशांनी काय केलं एवढंच सांगून भागत नाही. त्यांना पुढे काय दुरुस्त करावं लागलं, तेही सांगावं लागतं.

आणखी एक आक्षेप असतो, तो अनुभवातून आलेला: ‘आम्ही स्वतः दिवसाचे सोळा तास काम केलं, आम्हाला काही झालं नाही.’ उद्योजक हे सांगतात, सोलापुरात चादर-टॉवेलचे कारखाने शून्यातून उभे केलेले लोकही सांगतात, आणि ते खरं सांगतात. मालकाचे सोळा तास आणि नोकराचे सोळा तास मात्र एक नसतात. ब्रिटनमध्ये सरकारी नोकरांवर १९६७ पासून झालेल्या व्हाइटहॉल अभ्यासांनी ही गोष्ट दाखवून दिली. हृदयविकाराचं प्रमाण वरच्या साहेबांपेक्षा खालच्या कारकुनांत जास्त निघालं, आणि त्याचं एक मोठं कारण होतं कामावरचा ताबा. कधी थांबायचं, आधी काय करायचं, कशाला नाही म्हणायचं हे साहेब ठरवतो. कारकुनाला ते सांगितलं जातं. क्रिस्टिना मास्लाक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी बर्नआउटवर आयुष्यभर काम केलं. त्यांनी मांडलेल्या सहा कारणांत कामाचा बोजा हे फक्त एक आहे. बाकीची आहेत ताबा नसणं, मोबदला आणि कदर नसणं, सोबत्यांचा आधार तुटणं, अन्याय्य वागणूक, आणि आपल्या मूल्यांशी न जुळणारं काम. मालकाकडे यातलं बहुतेक सगळं असतं. ज्याला रात्री अकराला व्हॉट्सॲपवर ‘उद्या सकाळी नऊपर्यंत पाहिजे’ असा मेसेज येतो, त्याच्याकडे काहीच नसतं. मग एकाचे तास दुसऱ्याला आदर्श म्हणून कसे देता येतील?

मालकाच्या सोळा तासांमागे घरातल्या कुणाचे तरी तास असतात, हेही कुणी मोजत नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या बायका त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देतात आणि पुरुष ८८ मिनिटं. नोकरी करणारी बाई ऑफिसचे ४८ तास आणि घरचे हे तास धरून ७० च्या पार केव्हाच गेलेली आहे. तिला कुणी भाषणात राष्ट्रउभारणीचं श्रेय दिलेलं मी ऐकलं नाही.

इथे मला आमच्या शहरातल्या त्या बायकांबद्दल बोलायचं आहे, ज्यांच्याविषयी या वादात कुणीच बोलत नाही: विडी वळणाऱ्या. ‘बर्नआउट ही एसीत बसणाऱ्यांची थेरं आहेत, आमच्या विडीवाल्या बघा, तक्रार करतात का?’ असं कुणीतरी हमखास म्हणतं. तर बघूच. पान आदल्या रात्री भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचं. सकाळी चूल-पाणी, पोरांचे डबे झाले की मांडीवर सूप घ्यायचं, पत्र्याच्या मापावर पान ठेवून कात्रीने कापायचं. मग चिमूटभर जर्दा, बोटांचा एक वळसा, दोऱ्याचा वेढा, टोक दुमडून आत. शेकड्यांनी, हजाराच्या मापाने. शेजारीण बोलत असते, नजर हातावर असते, वेग एकसारखा असतो. नव्या सुनेने घाई केली तर थोरली तिला थांबवते, कारण घाईची विडी कारखान्यात छाटात जाते आणि छाटाचे पैसे मिळत नाहीत. बेताने, रोज, सारख्या हाताने काम कसं करायचं हे या बायकांइतकं कुणाला कळलेलं नाही. आणि तरीही चाळिशीत त्यांची मान आणि पाठ धरते, नजर उतरते, तंबाखूच्या धुळीने खोकला लागतो. का? कारण मजुरी नगावर आहे आणि दर इतका आहे की हात थांबवणं परवडत नाही. कसब आहे, सातत्य आहे, शिस्त आहे, तास तर आहेतच. नाही ती कामावरची सत्ता आणि पुरेसा मोबदला. नुसत्या तासांनी माणूस वर येत असता तर सोलापूरचा पूर्व भाग देशातली सर्वांत श्रीमंत वस्ती झाला असता. त्या तक्रार करत नाहीत म्हणून त्यांना त्रास नाही, असा अर्थ काढणं हा त्यांच्यावरचा आणखी एक अन्याय आहे.

स्पर्धा परीक्षांच्या मुलांना याच चुकीच्या मापाचा फटका वेगळ्या तऱ्हेने बसतो. शहरात ‘२४ तास खुली’ असे फलक लावलेल्या अभ्यासिका आहेत. रात्री दीडला आत डोकावलं तर निम्मी मुलं पुस्तकावर मान टाकून झोपलेली दिसतात, आणि समोर मोबाइलवर अभ्यासाचा टायमर चालूच असतो. सकाळी तोच आकडा स्टेटसवर जातो: आज १४ तास. आयोगाचे मागचे पेपर किती सोडवले, चुकलेले प्रश्न पुन्हा पाहिले का, कालचं आज आठवतं का, हे टायमर सांगत नाही. मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनवादक विद्यार्थ्यांचा अभ्यास करून तो १९९३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात सर्वोत्तम ठरलेली मुलं एकट्याने मन लावून सराव करत होती ते दिवसाला सरासरी साडेतीन तास, मध्ये विश्रांती घेऊन. आणि मागे पडलेल्यांपेक्षा ती जास्त झोपत होती, दुपारीसुद्धा. हा साडेतीन तासांचा आकडा परीक्षेला जसाच्या तसा लागू होत नाही, वाचन-पाठांतराचं गणित वेगळं आहे. पण ज्या परीक्षेला लाखोंनी अर्ज आणि शेकड्यांनी जागा असतात, जिच्यात चार-चार, पाच-पाच वर्षं जातात, तिथे पहिल्या सहा महिन्यांत स्वतःला पिळून घेणारा टिकेल, की रोज आठ तास नीट अभ्यास करून सात तास झोपणारा? सत्कार समारंभात यशस्वी मुलाला पहिला प्रश्न ‘किती तास अभ्यास केलास?’ हाच असतो. समोर बसलेली शंभर मुलं त्या उत्तरातून काय घेऊन जातात, याचा विचार विचारणाऱ्याने करावा.

यावर कुणी म्हणेल, मग काही काळ झपाटून काम करायचंच नाही का? जरूर करायचं. आमच्या जिल्ह्याला हे सांगायची गरज नाही. आषाढीला पंढरपुरात एसटी, पोलीस, पाणीपुरवठा, आरोग्य खातं घड्याळाकडे बघत नाही. गाळप हंगामात साखर कारखाना रात्रंदिवस चालतो. मार्चअखेरीला बँकेत दिवा विझत नाही. पण या प्रत्येकाला शेवटची तारीख असते. वारी परतते, गाळपाचा पट्टा पडतो, कारखान्यात डागडुजीचे महिने येतात. आजच्या बऱ्याच नोकऱ्यांत बिघाड झालाय तो इथे: हंगाम संपतच नाही. एक डेडलाइन झाली की दुसरी, प्रत्येक आठवडा आणीबाणीचा. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात ज्वारी पिकवणारा शेतकरी खरिपात ते रान मोकळं ठेवतो, कुळवाच्या पाळ्या घालतो, पाऊस जिरवतो आणि मग रब्बीला मालदांडी पेरतो; त्या चार महिन्यांत रान पडून आहे असं तिथलं कुणी म्हणत नाही, कारण पुढचं पीक त्याच ओलीवर येणार असतं. माणसाच्या विश्रांतीकडे आपण तेवढ्या समजुतीने का बघत नाही?

‘पण डॉ. कोटणीस?’ हा प्रश्न सोलापूरकराला टाळता येत नाही आणि टाळूही नये. द्वारकानाथ कोटणीस इथे १९१० मध्ये जन्मले, १९३८ मध्ये काँग्रेसने पाठवलेल्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, काही सहकारी परतले तरी ते राहिले. १९४० च्या लढाईत त्यांनी सलग ७२ तास शस्त्रक्रिया केल्याचं सांगितलं जातं. ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या ३२ व्या वर्षी, अपस्माराच्या झटक्यांनी ते गेले. त्यांच्यापुढे मान झुकते, माझीही. पण ते युद्ध होतं, टेबलावर मरणाच्या दारात माणसं होती, आणि तिथे राहायचं हे त्यांनी स्वतः ठरवलं होतं. त्यांचं नाव घेऊन एखाद्या कंपनीच्या तिमाही टार्गेटसाठी पोरांना रात्री जागवणं हा त्या त्यागाचा अपमान आहे. आणि ३२ व्या वर्षी असा डॉक्टर जाणं हे नुकसान होतं, हेही बोललं पाहिजे. ते साठीपर्यंत जगले असते तर किती जीव वाचले असते?

असंच काहीसं ‘कायकवे कैलास’चं झालंय. काम हाच कैलास, हे बसवण्णांच्या शरण परंपरेचं सूत्र ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या या शहरात सगळ्यांना ठाऊक आहे, आणि ७० तासांच्या बाजूने ते सर्रास वापरलं जातं. त्या परंपरेत कायकाच्या शेजारी दासोह उभा आहे: मिळवलेलं वाटून घेणं. एकाने राबायचं आणि फळ दुसऱ्याच्या ताटात, याला तिथे जागा नाही. आणि त्याच परंपरेत संत अल्लमप्रभूंची कथा आहे. तलाव खोदण्याच्या, मंदिरं उभारण्याच्या कामात बुडालेल्या सिद्धरामांना ते भेटतात आणि बाहेरच्या बांधकामातून आतल्या शोधाकडे वळवतात. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी, सोलापूरच्याच मातीत, सर्वांत मोठ्या कर्मयोग्यालासुद्धा कुणीतरी विचारलं होतं की हे सगळं करताना तू कुठे आहेस. सिद्धरामांच्या तळ्याकाठी फिरायला जाणाऱ्यांनी कथेचा हा भागही मुलांना सांगावा.

आता नियमांकडे, कारण माझ्या मते हा प्रश्न तिथेच सुटतो. सोलापूरची जुनी मिल १८७७ ची. त्या काळात गिरणी कामगाराला ठरलेली साप्ताहिक सुट्टी नव्हती आणि दिवस उजेड असेपर्यंत चाले. १८८४ मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांच्या सभा घेऊन निवेदन दिलं. त्यात मागण्या काय होत्या? रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहाला सुरू आणि सूर्यास्ताला बंद, पगार महिन्याच्या १५ तारखेपर्यंत. एवढ्याशा मागण्यांसाठी सहा वर्षं झगडावं लागलं. १० जून १८९० ला रविवारची सुट्टी मान्य झाली. पुढे १९२२ च्या कायद्याने आठवड्याला ६० तास, १९३४ च्या कायद्याने ५४, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळत असताना झालेल्या प्रयत्नांतून १९४६ मध्ये ४८. याला आळशी लोकांचा इतिहास म्हणणार का? लोखंडे काय, बाबासाहेब काय, त्यांच्याइतके कष्ट आपल्यातल्या कुणी केले आहेत? कष्टाची किंमत ज्यांना कळली होती त्यांनीच कष्टाला मर्यादा घातली. ज्या रविवारबद्दल आज खंत व्यक्त होते, तो कामगारांनी मागून, भांडून घेतलेला आहे.

म्हणून सप्टेंबर २०२५ मधला राज्य मंत्रिमंडळाचा निर्णय मला चिंतेचा वाटतो. कारखान्यांत दिवसाच्या कामाची मर्यादा ९ वरून १२ तास, दुकानं-आस्थापनांत ९ वरून १०, कारखान्यांतला तिमाही ओव्हरटाइम ११५ वरून १४४ तास. समर्थक सांगतात की आठवड्याची मर्यादा सांभाळली जाईल, जादा कामाचा दुप्पट मोबदला मिळेल, कामगाराची लेखी संमती लागेल. उद्योग यावेत, पोरांना गावात काम मिळावं, ही त्यामागची इच्छा मलाही मान्य आहे. सोलापुरातून तरुण कसे निघून जातात हे इथला प्रत्येक माणूस रोज बघतो. पण फाटकाबाहेर दहा जण उभे असताना आतल्याने दिलेली संमती किती स्वेच्छेची असते? यंत्रमागाच्या शेडमध्ये बारा तासांची पाळी कायदा नसतानाही वर्षानुवर्षं चालत आली आहे. बाराव्या तासाला कामगार मागावरचा तुटलेला धागा वेळेत पाहू शकत नाही, चादरीला दोष राहतो, माल सेकंडमध्ये जातो, हे मागवाले स्वतः सांगतात. जे चुकीचं चाललं होतं त्याला कायद्याने आधार देणं, याला सुधारणा कसं म्हणायचं?

नोकरीला लागणाऱ्या मुला-मुलींना मी एवढंच सांगेन: पहिल्या चार-पाच वर्षांत जीव लावून काम शिका, पण रोजची झोप आणि आठवड्याचा एक दिवस कुणालाही देऊ नका. जादा काम आलं तर ते कोणत्या तारखेला संपणार हे आधी विचारा, आणि ज्या कामातून नवं कसब हाती येत नाही त्यासाठी रात्री जागू नका. इतकं करूनही कामाची शिसारी येऊ लागली तर स्वतःला कमकुवत ठरवू नका. जागा तपासा, साहेब तपासा, मग स्वतःला. मात्र हे सगळं एका पोरावर सोपवून आपण मोकळे होऊ शकत नाही. ज्यांच्या हातात हजेरीपत्रक आहे त्यांच्याकडे प्रश्न गेला पाहिजे. कारखाने अधिनियम १९४८ नुसार जादा तासाचा दर दुप्पट होता. तो अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, पूर्व भागातल्या मागांवर किती जणांच्या हातात पडला, हे पालकमंत्र्यांनी आणि कामगार खात्याने आधी नोंदवह्या उघडून जाहीर करावं. तरुणांनी आणखी किती तास काम करावं, यावर त्यानंतर बोलू.